चुन्याची निवळी



टेबलावर हा जो काचेचा पेला ठेवला आहे, त्यात चुन्याची निवळी आहे. पानाच्या दुकानातून आणलेला चुना काल रात्री मी पाण्यात ढवळून ठेवला, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घालून दहापट पातळ केलं. पहिल्या रांगेतली आठवीतली एक विद्यार्थिनी नळी घेऊन इथे उभी आहे. ती या निवळीत हळूहळू फुंकर घालणार आहे. बाळ, दम लागला की थांब, पुन्हा सुरू कर. घाई नाही, आपल्याकडे तासभर आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हाच प्रयोग माझ्याकडून आठवीच्याच वर्गात करून घेतला होता. पुस्तकातली कृती सगळ्यांना पाठ असते. निवळीत फुंका, निवळी दुधाळ होते, निष्कर्ष : उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. माझी निवळी दुधाळ झाली, मी नळी बाजूला ठेवली आणि वहीत निष्कर्ष लिहायला लागले. सर मागून आले आणि म्हणाले, "थांबलीस का? फुंकत राहा." पुस्तकात पुढे काही नव्हतं, म्हणून मला कळेना की आता काय व्हायचं राहिलं आहे. मी फुंकत राहिले. गाल दुखायला लागले. आणि पाच-दहा मिनिटांनी ते पांढरं दूध विरायला लागलं. आधी कडेने, मग मधून. शेवटी पेला पहिल्यासारखा नितळ झाला. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. "चुना कुठे गेला?" एवढंच विचारलं, आणि तास संपल्याची घंटा झाली.

मी पुढे ३५ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्या प्रश्नाचं समीकरण शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं. पण आज जगातल्या समुद्रांचं जे चाललं आहे ते समजून घ्यायला मला त्या पेल्याइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही. म्हणून आज समुद्राच्या आम्लीकरणावर बोलताना सुरुवात इथूनच करते.

निवळी दुधाळ होते तेव्हा पाण्यात जो पांढरा साका दिसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. तिसरीचं शिंपलं, कालवाचं कवच, शंख, प्रवाळ, अंड्याचं टरफल, सगळं त्याच पदार्थाचं. म्हणजे आपण फुंकरीने पेल्यात शिंपल्याचा पदार्थ तयार करतो. पण फुंकर चालूच ठेवली तर जास्तीचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल तयार होतं, ते आम्ल या कार्बोनेटला धरतं, त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि बायकार्बोनेट पाण्यात विरघळून जातं. ज्या वायूने शिंपलं घडवलं तोच वायू जास्त झाला की शिंपलं विरघळवतो. गेली दोनशे-अडीचशे वर्षं माणूस समुद्रात अशी फुंकर घालतो आहे. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू, तोडलेली जंगलं आणि भाजलेला चुनखडीचा दगड ही आपली नळी.

थोडे आकडे सांगते. सगळ्या जगाने मिळून हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड आज वर्षाला सुमारे ४००० कोटी टन आहे. त्यातला साधारण चौथा हिस्सा, म्हणजे १००० कोटी टनांच्या आसपास, समुद्र गिळतो. दर वर्षी. आपल्या डोक्यावर आता जो पंखा फिरतो आहे त्याची वीज कुठल्या केंद्रातून आली हे मी सांगू शकत नाही, पण चंद्रपूरला जळलेल्या कोळशाचा वायू वर्ष-दोन वर्षांत जगभरच्या हवेत मिसळतो आणि त्याचा एक वाटा कुठल्या तरी समुद्रात उतरतो, एवढं नक्की. समुद्राने हे ओझं उचललं नसतं तर हवा आजच्यापेक्षा बरीच जास्त तापली असती. बरीच वर्षं शास्त्रज्ञही याकडे समुद्राचा उपकार म्हणूनच पाहत होते. उपकार आहेच. त्या उपकारात समुद्राचं स्वतःचं काय होतं, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

आता 'आम्लीकरण' या शब्दाबद्दल. समुद्राचं पाणी आंबट झालेलं नाही, होणारही नाही. शेतकरी मंडळी इथे आहेत, त्यांना माती परीक्षणाच्या पत्रकातला 'सामू' माहीत आहे. सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल, वर विम्ल. ही मोजपट्टी सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत आखली. समुद्राच्या वरच्या थराचा सामू कारखानदारी सुरू होण्याआधी ८.२च्या जवळ होता, आता तो ८.१च्या खाली-वर आहे. म्हणजे पाणी अजून विम्लच आहे. पण १०४ ताप १०२वर आला की आपण ताप उतरतोय म्हणतो, अंग गार पडलं असं कुणी म्हणत नाही. तसंच हे. शब्द दिशा सांगतो. आणि ०.१चा फरक ऐकून कुणी निर्धास्त होऊ नका. या पट्टीवर एक घर खाली उतरलं की आम्लता दहापट होते. त्या हिशोबाने ०.१ म्हणजे सुमारे २६ टक्के वाढ. आपण जाळणं असंच भरमसाट वाढवत राहिलो तर या शतकाच्या अखेरीस सामू ७.८च्या आसपास येईल. जुन्या समुद्राच्या अडीचपट आम्लता.

बघा, पेला दुधाळ झाला. छान. थांबू नकोस, फुंकत राहा.

हे सगळं कागदावरचं गणित असताना ते प्रत्यक्षात, माणसांच्या पोटावर कुठे आलं, ती गोष्ट मला आज सविस्तर सांगायची आहे. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची आहे. ऑरेगन राज्यात नेटार्ट्स नावाची एक उथळ खाडी आहे. तिच्या काठावर व्हिस्की क्रीक नावाचं कालवांचं बीज तयार करणारं केंद्र आहे. आपल्याकडे मत्स्यबीज केंद्रातून कोळंबीचं किंवा कटल्याचं बीज नेतात, तसं तिथले कालवं पिकवणारे अशा केंद्रांतून बीज नेतात. याचं कारण असं की तिथलं मूळचं छोटं कालव माणसांनी खाऊन जवळपास संपवलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानहून मोठं कालव आणून लावलं. ते तिथल्या थंड पाण्यात वाढतं चांगलं, पण एखाद-दोन खाड्या सोडल्या तर आपसूक वितं फारसं नाही. म्हणून बीज केंद्रात तयार करायचं. त्यातून अनेक शेतकऱ्यांची कुटुंबं उभी राहिली.

२००७च्या उन्हाळ्यात व्हिस्की क्रीकच्या टाक्यांमधली पिल्लं मरायला लागली. एकदोन टाक्या नाहीत, टाक्यांमागून टाक्या. सकाळी बघावं तर कोट्यवधी पिल्लं तळाशी. पहिला संशय जिवाणूंवर गेला, आणि तो रास्त होता, कारण कालवांच्या बीजाला मारणारा एक जिवाणू तिथे ठाऊक होता. त्यांनी पाणी शुद्ध करणारी महागडी यंत्रणा बसवली. जिवाणू गेले, मरण गेलं नाही. २००८मध्ये उत्पादन ७० ते ८० टक्क्यांनी घसरलं. जवळच्या वॉशिंग्टन राज्यातल्या विलापा उपसागरात तर त्याआधीपासूनच कालवांची नैसर्गिक पैदास लागेनाशी झाली होती. म्हणजे बीज घरचंही नाही आणि विकतचंही नाही.

केंद्रात काम करणाऱ्या अ‍ॅलन बार्टन यांनी मरणाच्या नोंदी आणि वाऱ्याच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या. उत्तरेकडून वारा लागला की खाडीत थंड पाणी येतं आणि त्यानंतर पिल्लं मरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचं पाणी वर येतं. ते थंड, खतावलेलं आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेलं असतं. सिएटलच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या रिचर्ड फीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्येच दाखवून दिलं होतं की असं पाणी आता थेट किनाऱ्याच्या उथळ भागापर्यंत पोचतं आहे. मग ऑरेगन राज्य विद्यापीठातले बर्क हेल्स आपली उपकरणं घेऊन आले, आणि केंद्राच्या नळातून येणाऱ्या पाण्याचं रसायन दिवसरात्र मोजलं जाऊ लागलं. २०१२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पिल्लांचं जगणं-मरणं त्यांच्या जन्माच्या वेळच्या पाण्यातल्या कार्बोनेटवर ठरत होतं.

जन्माच्या वेळच्या, हा तपशील मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फलन झाल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत कालवाचं पिल्लू आपलं पहिलं शिंपलं घालतं. इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचं, डोळ्याला न दिसणारं. त्या दोन दिवसांत त्याला काही खाता येत नाही. अंड्यातून जी शिदोरी मिळाली तेवढ्यावरच निभवायचं. आणि तेवढ्यात वजनाने स्वतःच्या देहाच्या कितीतरी पट शिंपलं घडवायचं. पाण्यात कार्बोनेट भरपूर असेल तर हे काम सोपं. कार्बन डायऑक्साइड वाढून ते कमी झालं असेल तर प्रत्येक कणासाठी जास्त ताकद खर्ची पडते. शिदोरी शिंपल्यातच संपते, वाढीला उरत नाही. जॉर्ज वाल्डबसर यांनी पुढे हे नीट मांडलं. पिल्लं पाण्यात विरघळून मेली असं सोपं चित्र काही ठिकाणी रंगवलं जातं, ते खरं नाही. ती खर्चाने मेली. शिवाय कोवळ्या दिवसांत बसलेला हा फटका कधी कधी आठवड्याने, दोन आठवड्यांनी दिसायचा, पाणी सुधारल्यानंतर. म्हणून तर कारण सापडायला इतका वेळ लागला.

मग त्यांनी काय केलं? पहिला उपाय अगदी साधा होता. खाडीत समुद्री गवताची कुरणं आहेत. दिवसा ऊन असलं की ते गवत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, रात्री परत सोडतं. म्हणजे पहाटेचं पाणी सगळ्यात वाईट, दुपार कलतानाचं सगळ्यात बरं. केंद्राने टाक्या भरायची वेळ सकाळऐवजी दुपार केली. दुसरा उपाय धुण्याच्या सोड्याचा. येणाऱ्या पाण्याचं रसायन यंत्र मोजतं आणि त्या मानाने सोडा आपोआप पाण्यात सुटतो. बीज पुन्हा जगू लागलं. केंद्र बंद पडलं नाही. सिनेटर मारिया कँटवेल यांच्या प्रयत्नाने किनाऱ्यावरच्या बीज केंद्रांमध्ये मोजमापाची उपकरणं बसवायला ५ लाख डॉलरचा निधी मिळाला. एका कुटुंबाने तर आपलं बीज केंद्र हवाई बेटावर काढलं.

ही यशोगाथा म्हणून सांगतात, आणि एका अर्थी आहेही. पण मी ती वाचते तेव्हा माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट घोळत राहते. २००७ साली नेटार्ट्सच्या खाडीत वर आलेलं ते पाणी हवेला शेवटचं कधी शिवलं होतं? शास्त्रज्ञांचं उत्तर आहे : ३० ते ५० वर्षांपूर्वी. तेवढी वर्षं ते खोल समुद्रातून वाहत होतं. मेलेल्या जीवांच्या कुजण्याने त्यात कार्बन डायऑक्साइड साठत होता, तो निसर्गाचा भाग, आणि तोच मोठा भाग. त्यावर माणसाने टाकलेला वाटा फक्त वरचा, पण काठोकाठ भरलेल्या भांड्यात शेवटचा तांब्या कुणी ओतला हे बघावं लागतं. आणि तो तांब्या १९६०-७०च्या दशकातला होता. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर हवा मोजायला सुरुवात केली तेव्हा दहा लाख भागांत ३१५च्या आसपास कार्बन डायऑक्साइड होता. त्या सुमाराच्या हवेची उधारी २००७च्या पिल्लांनी फेडली. आज हा आकडा ४२०च्या पुढे आहे. आजच्या हवेला शिवून जे पाणी खाली निघालं आहे ते त्या किनाऱ्यावर २०६०-७०च्या दशकात वर येईल. ते आता वाटेत आहे. कुठल्याही परिषदेच्या ठरावाने ते परत बोलावता येणार नाही. ही नळी हातात घेऊन उभी असलेली मुलगी तेव्हा माझ्या वयाला टेकलेली असेल.

कुणी म्हणेल, हे आधी कुणाला माहीत नव्हतं का? अर्धं माहीत होतं. १९५७ साली स्क्रिप्स संस्थेतले रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी दाखवलं की समुद्र आपला सगळा वायू निमूटपणे गिळून टाकेल ही समजूत चुकीची आहे. पाण्याचं रसायनच त्याला अडवतं. त्यातून कीलिंगचं मोजमाप सुरू झालं. पण सगळ्यांचं लक्ष हवेकडे गेलं. पाण्याचं काय होतं याला 'समुद्राचं आम्लीकरण' हे नाव रूढ झालं ते २००३मध्ये केन काल्डेरा आणि मायकेल विकेट यांचा छोटा निबंध आल्यावर. १९८८पासून हवाईजवळच्या एका ठरावीक जागेवर दर महिन्याच्या सुमारास जहाज जाऊन पाणी मोजतं. मौना लोआची रेघ वर चढते आणि या पाण्याच्या सामूची रेघ खाली उतरते. ती दोन चित्रं एकाखाली एक ठेवली की पुढे वाद घालायला जागा उरत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आम्लतेमुळे प्रवाळात राहणाऱ्या माशांची बुद्धी चळते, ते शत्रूच्या वासाकडे उलटे धावतात, असे शोध मध्यंतरी फार गाजले होते. ते प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा, २०२०मध्ये, ते टिकले नाहीत. ज्यांना आपली बाजू खरी आहे अशी खात्री आहे त्यांनीच असे कच्चे दावे आधी बाजूला काढावेत असं मला वाटतं. शिंपलेवाल्यांचं दुखणं मात्र तपासून तपासून पक्कं झालेलं आहे.

तर समाज म्हणून अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर काय झालं? वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी २०१२मध्ये एक समिती नेमली. शास्त्रज्ञ, कालवं पिकवणारे, आदिवासी जमातींचे प्रतिनिधी, सरकारी अधिकारी एका टेबलाशी बसले आणि त्यांनी ४२ शिफारशी केल्या. कार्बन कमी करा, ही तर होतीच. पण मला भावली ती दुसरी : जमिनीवरून वाहून येणारं सांडपाणी आणि खतं आवरा. कारण या खतावर समुद्रात शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना त्याच जागी कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे जगाच्या फुंकरीत आपल्या गटाराची फुंकर मिळते. पहिली आपल्या एकट्याच्या हातात नाही. दुसरी आहे. २०१६मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांनी पुढाकार घेऊन आम्लीकरणाविरुद्ध एक आंतरराष्ट्रीय आघाडी उभी केली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतही या विषयाला स्वतंत्र कलम मिळालं. त्याच वर्षीच्या पॅरिस कराराला मात्र समुद्राची आठवण फक्त प्रस्तावनेत झाली.

टाकीत सोडा घालून बीज वाचलं, मग समुद्रातच चुना टाकू या, असाही एक विचार आहे, आणि त्यावर गंभीर माणसं काम करतात. मी रसायनशास्त्राची शिक्षिका, म्हणून मी एका संध्याकाळी कागद घेऊन हिशोब मांडला. समुद्रात उतरणाऱ्या एक टन कार्बन डायऑक्साइडला साधारण पाऊण टन कळीचा चुना लागतो. वर्षाला १००० कोटी टनांना म्हणजे ७५० कोटी टन चुना. जगात आज वर्षाला सिमेंट बनतं ४०० कोटी टनांच्या आसपास. म्हणजे साऱ्या जगाच्या सिमेंटच्या जवळपास दुप्पट चुना, दर वर्षी, भाजायचा, जहाजात भरायचा आणि समुद्रभर पसरायचा. आणि चुना भाजायचा म्हणजे काय करायचं? आपल्या किनाऱ्यावर शिंपलं भाजून चुना काढत, त्या भट्ट्या काही जणांनी पाहिल्या असतील. शिंपल्यातून किंवा दगडातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की उरतो तो चुना. पाऊण टन चुन्यामागे अर्ध्या टनाहून जास्त वायू भट्टीतून वर जातो, जळणाचा निराळाच. तो पकडून पुरायची सोय केली तर गोष्ट वेगळी. मी या संशोधनाच्या विरोधात नाही, ते चालावं. पण टाकीला भिंत असते, समुद्राला नसते. नळी तोंडात तशीच ठेवून पेल्यात चिमूट चिमूट चुना टाकत राहण्याला उपाय म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आता आपल्या पाण्याकडे येते. अरबी समुद्रातही तळाचं पाणी वर येतं. नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर ते सरकतं, आणि वर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो. खाली प्राणवायू संपत जातो. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये हे जगापुढे ठेवलं. याच संस्थेची माणसं १९९७पासून गोव्यात कांदोळीसमोर एका ठरावीक जागी पाणी मोजत आली आहेत. जिथे कुजण्याने प्राणवायू संपतो तिथे कार्बन डायऑक्साइड साठतो, हे एकाच नाण्याच्या दोन बाजूंसारखं आहे. म्हणजे नेटार्ट्सला उन्हाळ्यात जे पाणी येतं त्याच्या नात्यातलं पाणी आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटाला किनाऱ्याशी असतंच. पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराच्या किनारी भागात, व्ही. व्ही. एस. एस. शर्मा आणि सहकाऱ्यांना २०१५मध्ये आणखी एक धागा सापडला : गंगेच्या खोऱ्यातल्या धुरातले गंधकाचे आणि नत्राचे कण वाऱ्याबरोबर येऊन पाण्याची आम्लता वाढवतात.

इथे मला सावध राहायचं आहे. आपल्या खाडीतल्या तिसऱ्या कमी झाल्या, कालवं पूर्वीसारखी मिळत नाहीत, अशी तक्रार इथल्या प्रत्येक घरात आहे. ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडणाऱ्या बायकांकडून मी ती वर्षानुवर्षं ऐकते आहे. कमरेपर्यंत ओल्या, हातात लोखंडी टोचा, शेजारी डबा, आणि बोटांना शिंपल्याने कापलेल्या जुन्या खुणा. त्यांच्या तक्रारीचं कारण आम्लीकरण आहे असं मी म्हणणार नाही. वाळूचा उपसा आहे, गाळ आहे, सांडपाणी आहे, नको त्या वेळी लहान शिंपलं उपसणं आहे. पण ही सगळी ओझी ज्या जिवाच्या डोक्यावर आहेत त्याच्याच डोक्यावर हे नवं ओझंही चढतं आहे. सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायकांनी कालवांची आणि शिणाण्यांची शेती करून पाहिली आहे. उद्या त्यांचं बीज लागलं नाही तर त्यांनी कारण कुठे शोधायचं? बार्टन यांच्याकडे निदान तुलना करायला नोंदी होत्या.

जबाबदारीचं बोलायचं तर अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आपल्याकडे २ टनांच्या आसपास. हा फरक मी कधीच विसरत नाही आणि तुम्हीही विसरू नये. ज्यांनी जास्त फुंकलं त्यांनी आधी थांबायला हवं. पण खाडी आपली आहे, तिच्यात जाणारं गटार आपलं आहे, आणि तिचं पाणी मोजायला आपल्याला कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही.

गोव्यातली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या खिडक्या आठवतील. काचेऐवजी चौकोनी कापलेली शिंपलं लाकडी पट्ट्यांत बसवलेली. दुपारचं ऊन त्यातून मऊ, दुधाळ होऊन आत येतं. खाडीतल्या एका चपट्या शिंपल्याने माणसांच्या घरात असा उजेड आणला. मी त्या खिडकीपाशी उभी राहते तेव्हा मला नेहमी निवळीचाच पेला दिसतो.

आणि आता या पेल्याकडे बघा. मागच्यांना दिसत नसेल तर पुढे या. पांढरेपणा गेला. पलीकडे धरलेली कार्यक्रमपत्रिका आरपार वाचता येते आहे. शाबास, बाळ. आता ठेव नळी.

सरांनी विचारलेला प्रश्न घेऊन मी आणि कॉलेजची काही मुलं एक काम सुरू करतो आहोत. येत्या रविवारी पहाटे जेटीवर या. लिटमसच्या किंवा सामूच्या कागदी पट्ट्या आणू नका, ०.१चा फरक त्यांना कळत नाही. मेटा-क्रेसॉल पर्पल नावाचा जांभळा रंग आम्ही पाण्यात घालणार आणि कॉलेजच्या यंत्रावर रंगाची छटा मोजणार. नीट केलं तर ०.०२पर्यंतचा फरक पकडता येतो. जगभर अशा किनारी नोंदी ठेवणाऱ्यांना तेवढी अचूकता कामाला पुरते. काचेची, घट्ट झाकणाची बाटली लागेल. ती त्याच पाण्याने तीनदा विसळायची, हात कोपरापर्यंत बुडवून पाण्याखालीच भरायची आणि पाण्याखालीच बंद करायची. वर काढून उलटी करून बघायची. आत बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरायची, कारण त्या बुडबुड्यातली हवा पाण्याशी देवघेव करते आणि माप बिघडवते. बाटलीवर तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, खारटपणा आणि भरती की ओहोटी हे लिहायचं. मग घरी जाऊन जेवून यायचं आणि ऊन कलायच्या वेळी त्याच पायरीवरून दुसरी बाटली भरायची. पहाटेच्या आणि दुपारच्या पाण्यात आपल्या खाडीत किती अंतर पडतं, ते त्या दिवशी संध्याकाळी आपण पहिल्यांदा वहीत लिहू.